श्रेणीचे कारण लेखी द्या

प्रभादेवी स्थानकाजवळ एल्फिन्स्टन मिलच्या जागेवर काचेचे मनोरे उभे आहेत. तिथल्या आणि आसपासच्या सॉफ्टवेअर कचेऱ्यांत मार्च-एप्रिल उजाडला की ‘अप्रेझल’ची धास्ती सुरू होते. वर्षभराचे काम आपणच फॉर्ममध्ये भरायचे, मॅनेजरने त्यावर शेरा मारायचा. खरा निर्णय मात्र होतो ‘कॅलिब्रेशन’च्या बंद बैठकीत. तिथे प्रत्येक मॅनेजर आपली माणसे पुढे रेटतो. वरच्या श्रेणीच्या जागा मोजक्या. एकाला चढवायचे तर दुसऱ्याला उतरवावे लागते. ज्याला उतरवले त्याला एवढेच सांगितले जाते, ‘व्हिजिबिलिटी कमी पडली.’

ही व्हिजिबिलिटी कुणाला मिळते? बंद पडलेली यंत्रणा रात्री दोन वाजता जागून सुरू केली एकीने. सकाळच्या बैठकीत त्या दुरुस्तीची स्लाइड दाखवतो दुसराच. साहेबांबरोबर उशिरापर्यंत रेंगाळणाऱ्याचे नाव त्यांच्या तोंडी बसते. पाळणाघर बंद व्हायच्या आत पोहोचायचे म्हणून विरार लोकल गाठणारीचे बसत नाही. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या किती जणींना ‘या वर्षी समजून घे’ हे वाक्य ऐकावे लागते! हा सरळ अन्याय आहे.

याच गिरणगावाने ही मर्जीशाही पूर्वी भोगली आहे. गिरणीत माणूस लावणे-काढणे जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती होते. त्याला दस्तुरी, म्हणजे लाच, दिल्याशिवाय काम मिळणे आणि टिकणे कठीण. कामगारांविषयीच्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या अधिकारावर बोट ठेवले. १९३५ मध्ये गिरणी मालक संघाने बदली कामगारांना कार्डे देऊन भरतीला नियम लावला, १९५० मध्ये त्याच भरतीसाठी सरकारी योजना आली. जॉबरचे वजन एका दिवसात गेले नाही, पण नोंद कागदावर आली तेव्हा त्याला वेसण बसली. आजच्या इंजिनिअरला तेवढेही संरक्षण नसावे?

शेवटी मॅनेजरचे मत लागतेच, असे कंपन्या म्हणतात. ते खरे आहे. मत जरूर असावे, पण त्याखाली सही आणि कारण असावे. श्रेणींचा सक्तीचा कोटा मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये मोडीत काढला, इन्फोसिसने २०१५ मध्ये. त्यांचे काही अडले नाही. बैठकीत श्रेणी खाली आणली तर कुणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या कामावर बोट ठेवून, हे त्या माणसाला लेखी कळलेच पाहिजे. दाद मागायची तर ती त्याच मॅनेजरकडे नव्हे, त्रयस्थाकडे मागता आली पाहिजे.

इंजिनिअर मुला-मुलींनो, तुम्हीही तोंडी उत्तरावर गप्प बसू नका. श्रेणी कळली की त्याच आठवड्यात कारण ई-मेलने मागा, आणि शेजारच्या सहकाऱ्यालाही मागायला लावा.