परतीच्या तिकिटाची घाई नको

कैलास-मानसरोवरला निघालेल्या कुणाचा फोन आला की मी आधी एकच विचारतो, परतीचं तिकीट काढलंत का? बहुतेकजण खुशीत सांगतात, "काढलं की! केव्हाच काढलं, स्वस्तात मिळालं." तिथेच माझ्या कपाळाला आठी पडते.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. पुढची गाडी गाठायची असलेले प्रवासी मागच्या गाडीत अडकले असतील, तर पुढची गाडी दहा मिनिटं धरून ठेवायची हा आमचा रोजचा धंदा. चालक ओळखीचा, वाहक ओळखीचा. खिडकीतून हात केला की गाडी थांबायची. देशाच्या सीमेवर असा हात करता येत नाही. तिथला अधिकारी तुम्हाला ओळखत नाही, आणि तुमचं दिल्लीहून पुण्याचं विमान किती वाजता सुटतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

सरकारी यात्रेला जाणाऱ्यांसाठी मी हे लिहीत नाही. ती यात्रा परराष्ट्र मंत्रालय काढतं, उत्तराखंडातल्या लिपुलेख खिंडीतून आणि सिक्कीममधल्या नथू लातून. मधली काही वर्षं बंद राहून ती 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली, पण त्या वर्षी दोन्ही वाटांच्या मिळून 15 तुकड्या, म्हणजे 750 माणसं. व्हिसापासून मुक्कामापर्यंतची चिंता तिथे सरकार वाहतं. सोडतीत नाव न लागलेले किंवा सत्तरी ओलांडल्यामुळे अर्जच करता न आलेले लोक खासगी यात्रा कंपनीबरोबर काठमांडूमार्गे जातात. हे आवाहन त्यांना आहे.

त्यांची वाट साधारण अशी. मुंबईहून किंवा दिल्लीहून काठमांडू. तिथून बसनं त्रिशूली, धुंचे, स्याब्रुबेसी करत रसुवागढी. नदी ओलांडली की तिबेट, आणि पहिला मुक्काम केरुंगला. नेपाळात शिरायला आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं की हा प्रवास काशीयात्रेसारखाच, थोडा लांबचा एवढंच. पण चीनचा व्हिसा लागतो, आणि या वाटेनं जाणाऱ्या गटाचा तो बहुधा काठमांडूतच, घरून निघाल्यावर हातात पडतो. म्हणजे घरची तिकिटं दोन महिने आधी पक्की आणि सीमेचा कागद निघायच्या आदल्या दिवशी. सगळी गोची या उलट्या क्रमात आहे.

मधल्या प्रत्येक गोष्टीची दोरी दुसऱ्याच्या हातात असते. पासपोर्ट जमा होतात, वकिलातीला शनिवार-रविवार सुट्टी असते, तिबेटचा परवाना वेगळा यावा लागतो, मग रस्ता, मग दरडी, मग सीमेवरची रांग. यातलं एक जरी दिवसभर लांबलं तरी पुढची सगळी गणितं चुकतात.

2019 मध्ये मी गेलो तेव्हा आमच्या गटात सांगलीकडचे एक गृहस्थ होते. भाचीचं लग्न होतं, आणि मुलीचा मामा म्हणून अंतरपाटाशी उभं राहायचा मान त्यांचा. यात्रा संपायची तारीख आणि लग्नाची तारीख यांत त्यांनी एक दिवस मोकळा ठेवला होता. यात्रा कंपनीनं छापील कार्यक्रम दिला होता, त्यावर विसंबून. काठमांडूत व्हिसा शुक्रवारी मिळायचा तो सोमवारी मिळाला. तीन दिवस तिथेच गेले. परतताना स्याब्रुबेसीच्या खाली दरड कोसळली, त्यात आणखी एक रात्र गेली. परिक्रमा झाली, मानसरोवरात स्नान झालं, पण हा माणूस शेवटचे दोन दिवस बसच्या खिडकीला डोकं टेकून नुसता बसून होता. तिकडे अंतरपाटाशी धाकटा मामा उभा राहिला. कंपनीला दोष देऊन काय करणार? "कार्यक्रमात बदल होऊ शकतो" हे त्यांनी खाली बारीक अक्षरांत छापलंच होतं.

तेव्हा तारखा घरापासून मोजू नका, सीमेपासून मोजा. कंपनी ज्या दिवशी सीमा ओलांडणार म्हणते तो दिवस कागदाच्या मधोमध लिहा. त्याच्या अलीकडे, काठमांडूत, कार्यक्रमात असतील त्यांहून दोन दिवस जादा धरा. गट परत नेपाळात येईल त्या दिवसानंतरही दोन दिवस मोकळे सोडा आणि मग परतीच्या तिकिटाची तारीख ठरवा. जूनच्या मध्यानंतर जात असाल तर दोनाचे तीन करा. आणि त्या मोकळ्या दिवसांत लग्न, मुंज, साखरपुडा, नातवाचा वाढदिवस, न्यायालयातली तारीख असलं काहीही ठेवू नका. लवकर सुटलात तर पशुपतिनाथ आहे, भक्तपूर आहे, पाटणचा दरबार चौक आहे. दिवस वाया जात नाहीत.

सिमीकोट-हिल्साच्या वाटेनं जाणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहावं. लखनौहून नेपाळगंज, तिथून छोट्या विमानानं सिमीकोट, पुढे हेलिकॉप्टरनं हिल्सा. डोंगरातली ही उड्डाणं आभाळाच्या मर्जीवर. जुलै 2018 मध्ये हवा बिघडली आणि सिमीकोट, हिल्सा आणि पलीकडच्या तिबेटच्या बाजूला मिळून दीड हजाराच्या आसपास भारतीय यात्रेकरू अडकून पडले. खोल्या भरलेल्या, औषधं संपत आलेली. त्यांच्यातल्या कुणाचंही परतीचं तिकीट कामाला आलं नसणार.

रसुवागढीची वाट बरी, पण तीही भरवशाची म्हणता येत नाही. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपानं कोदारीची जुनी वाट बंद पडली, म्हणून यात्रेकरू या वाटेला लागले. आणि 8 जुलै 2025 ला पहाटे पूर आला, त्यात सीमेवरचा मैत्री पूलच वाहून गेला. त्या पुलावरून जायचं ठरवलेल्यांचं वेळापत्रक एका रात्रीत कोलमडलं. त्याच वर्षी सप्टेंबरात काठमांडूत आंदोलन भडकलं आणि विमानतळ बंद राहिला. हे मी घाबरवायला सांगत नाही. पैसे भरण्याआधी कंपनीला सरळ विचारा: पूल बंद असेल तर कोणत्या वाटेनं नेणार, वाढलेल्या मुक्कामाचा खर्च कुणाचा, व्हिसा मिळालाच नाही तर किती पैसे परत? उत्तरं कागदावर मागा. तोंडी "काळजी करू नका काका" यावर थांबू नका.

आता व्हिसाच्या कागदाबद्दल, कारण जोडणी सगळ्यात जास्त इथेच तुटते. गटाचा व्हिसा प्रत्येकाच्या पासपोर्टवर चिकटवलेला नसतो. सगळ्या गटाची नावं असलेला एकच कागद असतो. सीमेवर त्या यादीच्या क्रमानं उभं राहावं लागतं, एकत्र आत जायचं आणि एकत्र बाहेर यायचं. "मी कैलासपायथ्याच्या दारचेनहून एकटाच पुढे निघतो, माझं विमान आहे" असं म्हणण्याची सोय त्यात नाही. कुणी आजारी पडला आणि त्याला लवकर खाली आणावं लागलं, तर कागद वेगळा करण्याचा मोठा खटाटोप असतो. म्हणून गटात नाव देण्याआधी बाकीच्यांनी परतीचं काय ठरवलं आहे ते विचारा. एकाची घाई सगळ्यांच्या मानगुटीवर बसते. ज्यांच्या पासपोर्टवर धंद्यासाठी चीनचा आधीचा व्हिसा आहे त्यांनी हेही विचारावं, की गटाचा व्हिसा घेतल्यावर तो जुना रद्द होतो का. माल आणायला चीनला जाणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी हे पैसे भरण्याआधीच समजून घ्यावं.

पासपोर्ट वकिलातीत पडून असतो त्या दिवसांत हातात दुसरं काय आहे? नेपाळहून विमानानं भारतात यायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. बहुतेकांना वाटतं आधार चालेल. पंधरा वर्षांखालच्या आणि पासष्टच्या वरच्या लोकांना ती सूट आहे, मधल्यांना नाही. घरी काही झालं आणि तातडीनं परतावं लागलं, तर पासपोर्ट बाहेर येईपर्यंत तुम्ही काठमांडूत अडकलेले. मूळ मतदार कार्ड जवळ असलं की परतायचा मार्ग मोकळा राहतो. छायाप्रत नको, फोनमधला फोटो तर नकोच.

घड्याळ ही दुसरी अडचण. नेपाळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं. तिबेटमध्ये बीजिंगची वेळ चालते, म्हणजे आपल्यापुढे अडीच तास आणि नेपाळपुढे सव्वादोन. सीमेवरची खिडकी चिनी घड्याळानं उघडते आणि चिनी घड्याळानं बंद होते. नेपाळी बाजूला दुपारी चहा पीत "अजून वेळ आहे" म्हणालात, तर पलीकडे संध्याकाळ झालेली असते. तिथे सामान उघडून तपासतात, त्यालाही वेळ जातो. दलाई लामांचा फोटो किंवा पुस्तक सामानात नसावं, नाहीतर एकामुळे सगळा गट खोळंबतो.

उशीर भरून काढायला डोंगरातला मुक्काम तोडू नका, हे मी हात जोडून सांगतो. काठमांडू 1,400 मीटरवर, मानसरोवर साडेचार हजारांच्या वर, आणि परिक्रमेतली डोलमा ला खिंड 5,600 च्याही वर. केरुंगचा आणि त्यापुढचा विश्रांतीचा दिवस शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून असतो. व्हिसाला दोन दिवस उशीर झाला की कुणीतरी सुचवतंच, "तो आरामाचा दिवस गाळू, विमान गाठू." अशा वेळी पटकन नाही म्हणणारा एक तरी माणूस गटात असावा. विमा काढतानाही तो किती मीटरपर्यंत लागू आहे आणि त्यात हेलिकॉप्टर धरलं आहे का, एवढं वाचा, बाकीचं नंतर.

परतीच्या जोडण्यांबद्दल थोडं. काठमांडू-दिल्ली आणि दिल्ली-पुणे ही दोन वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी. एकाच पीएनआरवर घेतलंत तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. दिल्लीत आधी इमिग्रेशन, मग सामान, मग कस्टम्स, आणि पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलहून असेल तर तिथवरची बस किंवा टॅक्सी. दोन तासांचं अंतर कागदावर छान दिसतं. मी चारपेक्षा कमी धरत नाही.

काहीजण खर्च वाचवायला गोरखपूरमार्गे जातात. मुंबईहून गोरखपूर रेल्वेनं, तिथून सुनौली सीमा शंभरेक किलोमीटर, पुढे भैरहवाहून काठमांडू. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधीच उघडतं, त्यामुळे तारखा पक्क्या करायची घाई तशीही कमी. दोन गाड्यांनी जात असाल तर दोन्ही पीएनआर जोडून घ्या. पहिली गाडी उशिरा येऊन दुसरी चुकली तर पैसे परत मागता येतात. बस किंवा विमानाला मात्र ती सोय लागू नाही. या वाटेवरचा मुग्लिंग-नारायणगढ रस्ता पावसाळ्यात रात्री करू नका. 12 जुलै 2024 ला भल्या पहाटे सिमलतालजवळ दरडीनं दोन बस त्रिशूली नदीत ढकलल्या. त्यांत साठाहून अधिक माणसं होती. उशीर झाला तर भैरहवात झोपा, सकाळी निघा. आमच्या भाषेत गाडी मुक्कामी ठेवायची.

घरी एक सांगून ठेवा. तिबेटमधल्या हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप चालत नाही. तीन-चार दिवस निळ्या टिका दिसल्या नाहीत म्हणून कुणी गावभर फोन करत बसू नये. गटप्रमुखाचा आणि काठमांडूतल्या कार्यालयाचा नंबर फ्रीजवर चिकटवून जा. सोबत तुमच्या तारखा, सीमा ओलांडायच्या दिवसाला मधोमध ठेवून लिहिलेल्या. आमच्या हिच्या फ्रीजवर तो 2019 चा कागद अजून आहे. परतीच्या तारखेवर तिनं दोनदा काट मारून पुढची लिहिली आहे.