घंटागाडीबाहेरचा कचरा

नवरात्राचे घट बसण्यापूर्वी घर झाडून-धुऊन काढण्याची रीत महाराष्ट्रातील इतर गावांप्रमाणे अक्कलकोट तालुक्यातील दुधनीतही आहे. माळ्यावरून खाली उतरणाऱ्या वस्तूंचे स्वरूप मात्र गेल्या तीन-चार दशकांत पार पालटले आहे. पूर्वी कापसाची गादी जुनी झाली की पिंजाऱ्याकडे जाई, मोडकी बाज सुताराकडे जाई आणि पितळेचे भांडे मोडीत निघे. प्रत्येक वस्तूचा पुढचा धनी ठरलेला असे. आज फोमची गादी पिंजता येत नाही. भुशाच्या फळ्यांचे कपाट पाण्याने फुगले की सुतार त्याला हात लावीत नाही. जुना दूरचित्रवाणी संच भंगारवाला नेतो तो आतल्या तांब्यासाठी. शिसे असलेली जाड काच मागे उरते आणि ओढ्याकाठी पडते. त्याच पसाऱ्यात मुदत संपलेली औषधे, पारा असलेल्या बंद ट्यूबलाइट, रंगाचे डबे आणि तुरीवर फवारलेल्या कीटकनाशकांचे रिकामे डबेही असतात. घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कप्प्यांपैकी हे कोणत्या कप्प्यात टाकावे?

कायद्याने याचे उत्तर दिले नाही असे नाही. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेनंतर २००० साली नागरी घनकचऱ्याचे नियम झाले. त्यांची जागा घेणाऱ्या २०१६ च्या नियमांनी ‘घरगुती घातक कचरा’ हा तिसरा वर्ग मानला आणि दर २० चौरस किलोमीटरांस किंवा त्याच्या भागास एक जमा केंद्र उघडण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले. जानेवारी २०२६ मध्ये अधिसूचित झालेल्या आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरलेल्या नव्या नियमांत ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि विशेष काळजीचा असे चार वर्ग आहेत. अवजड अडगळीला मात्र वेगळा वर्ग याही वेळी मिळालेला नाही.

या साऱ्या नियमांचा रोख नागरिकाच्या शिस्तीवर आहे. कचरा वेगळा करा, वेगळा द्या, न दिल्यास दंड भरा. परंतु खरा प्रश्न त्यापुढचा आहे. वेगळा केलेला हा माल जातो कोठे? घातक कचऱ्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावणारी तळोजे, रांजणगाव, बुटीबोरी येथील केंद्रे मुख्यतः कारखान्यांसाठी उभी राहिली. मुंबई महानगरपालिकेने २०२५ मध्ये विशेष काळजीच्या कचऱ्याचे स्वतंत्र संकलन सुरू केले. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था जुन्या गाद्या आणि सामान गोळा करण्याचे उपक्रम चालविते. महानगरांना हे साधते, कारण तेथे गाडी भरेल इतका माल जमतो. ‘क’ वर्गाच्या नगरपरिषदेने दोन पोती ट्यूबलाइट घेऊन रांजणगावला गाडी पाठवावी, ही अपेक्षा हास्यास्पदच म्हणावी लागेल.

ज्या उत्पादकांनी वस्तू विकल्या त्यांच्यावरही जबाबदारी आहेच. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ चे; १ एप्रिल २०२३ पासून २०२२ चे नवे नियम लागू झाले. मात्र उत्पादकाचा हिशेब नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्याकडील प्रमाणपत्रांवर पुरा होतो. तो माल देशात कोठूनही जमलेला चालतो. मग दुधनीतला संच उचलण्याची त्याला निकड ती काय?

याउलट वाहनाच्या बॅटरीचे पाहा. जुनी बॅटरी परत दिली की नव्या बॅटरीची किंमत कमी होते, म्हणून ती उकिरड्यावर सहसा दिसत नाही. (पुढे चोरून चालणाऱ्या भट्ट्यांत तिचे शिसे वितळविले जाते, हा वेगळा आणि गंभीर विषय आहे.) ज्याला किंमत ते परत येते. तेव्हा फुटकी नसलेली चित्रनळी किंवा कीटकनाशकाचा डबा आणून देणाऱ्या भंगारवाल्याला नगरपरिषदेने चार पैसे द्यावेत. दारोदार फिरणारा तोच एक माणूस आहे. त्याला गुन्हेगार ठरवून काही साधणार नाही. जपानमध्ये अवजड सामानावर शुल्काची चिठ्ठी चिकटवून ठरलेल्या दिवशी ते बाहेर ठेवतात. येथे शुल्क लावले तर रातोरात सारे नाल्यात जाईल.

अक्कलकोट, मैंदर्गी आणि दुधनी अशा तीन नगरपरिषदा एकाच तालुक्यात आहेत. एकेकटीला जे परवडत नाही ते तिघींना मिळून जमेल. सोलापूर महानगरपालिकेशी करार करून वर्षातून दोनदा सामाईक गाडी फिरविता येईल. एक फेरी नवरात्रापूर्वीच हवी, आणि तिची दवंडी मराठीइतकीच कन्नडमध्येही हवी, कारण सीमेवरील या गावात दोन्ही भाषा घरच्या आहेत.

त्या फेरीत पहिला मान कीटकनाशकांच्या डब्यांना द्यावा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार हे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरायचे. २०१६ च्या नियमांनुसार ते केंद्रात द्यायचे. प्रत्यक्षात यांपैकी एकही न होता चांगला दिसणारा डबा विसळून ठेवला जातो. फोमची गादी आणखी वर्षभर माळ्यावर राहिली तर फारसे बिघडत नाही; या डब्यात उद्या पिण्याचे पाणी भरले जाते.