तकदीर म्हणण्याआधी गिझर तपासा

डिसेंबरात शिरूरला फजरच्या वेळी नळाचं पाणी हाताला झोंबतं. माझ्या लहानपणी अंगणात तांब्याचा बंब होता. दादी अंधारातच त्यात लाकडं सारायची आणि अख्ख्या घराची वुजू-आंघोळ त्या पाण्यावर व्हायची. पुढे बंब मोडीत गेला, भिंतीवर गिझर आला. मोठी सोय झाली. पण बंब उघड्यावर होता, त्याचा धूर डोळ्यांत जायचा, म्हणून त्याचा धोकाही कळायचा. गिझर बंद बाथरूममध्ये असतो आणि त्याचा धोका डोळ्यांना दिसत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमचा जुना गिझर गळायला लागला. नवा बसवायला आलेल्या मुलाने अर्ध्या तासात काम उरकलं. जाण्याआधी सॉकेट उघडून दाखव म्हटलं. आत अर्थिंगची वायर आलेलीच नव्हती. वायरचा एक तुकडा घेऊन अर्थिंगचा पॉइंट न्यूट्रलला जोडलेला होता. हे काम त्याचं नव्हतं, घर बांधलं तेव्हापासूनचं होतं. तो म्हणाला, "भाई, सगळीकडे असंच चालतं."

असं चालतं, पण न्यूट्रल तुटेपर्यंतच. ज्या दिवशी तो तुटेल, त्या दिवशी त्याच तुकड्यातून 230 व्होल्ट गिझरच्या पत्र्यावर येतील. माझी अम्मी इतकी वर्षं ओल्या हाताने तो गिझर वापरत होती. आणि मी, इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला मुलगा, एकदाही ते सॉकेट उघडून पाहिलं नव्हतं. घर बांधताना आम्ही फरशी निवडायला चार दुकानं फिरलो. अर्थिंगचा खड्डा घेतला का, हे कोणीच विचारलं नाही.

आपल्याकडे अशा अपघाताने माणूस गेला की मय्यतीत एकच वाक्य ऐकू येतं: "अल्लाह की मर्जी." सब्रासाठी ते ठीक आहे. पण त्या वाक्यानंतर सॉकेट तसंच राहत असेल, तर आपण तकदीरच्या नावाखाली निष्काळजीपणा झाकतो आहोत. स्वतःला इजा नको आणि दुसऱ्यालाही नको, हा फिकहचा पायाभूत नियम आहे. तो बाथरूमच्या दारापाशी थांबत नाही.

विजेच्या गिझरचं गणित अवघड नाही. 2000 वॅटचा गिझर साधारण 9 अँपिअर करंट ओढतो. त्याला 16 अँपिअरचं सॉकेट, किमान 2.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची वेगळी वायर आणि खरी अर्थिंग लागते. पुष्कळांना वाटतं, एमसीबी आहे, मग भीती कसली? एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. 16 अँपिअरचा एमसीबी ज्या करंटला हलतही नाही, त्याच्या शंभराव्या भागानेही माणसाचा जीव जाऊ शकतो. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं. आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून तिथे कधीही बूच मारायचं नाही. आत वाढलेला दाब त्याच वाटेने बाहेर पडतो. गिझर बदलताना व्हॉल्व्ह आणि जोडनळ्याही नव्याच घ्याव्यात.

गॅस गिझरची गोष्ट जास्त गंभीर आहे. मार्च 2023 मध्ये घाटकोपरला रंग खेळून आलेलं एक जोडपं बाथरूममध्ये मृत सापडलं. गॅस गिझरमुळे गुदमरल्याचा संशय तेव्हा व्यक्त झाला होता. हे कसं होतं? दार-खिडकी बंद असली की ज्योतीला हवा कमी पडते, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, या वायूला वासही नाही आणि रंगही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, पायातलं बळ जातं. कडी काढायचं सुचेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा आणि गरम पाणी नळीने आत आणावं. नुसता एक्झॉस्ट फॅन लावून भागत नाही, बाहेरची हवा आत यायलाही वाट लागते.

हे सगळं स्वतःच्या घरापुरतं करणं सोपं आहे. खरा प्रश्न भाड्याच्या खोल्यांचा आहे. रांजणगाव एमआयडीसीत कामाला येणारी पोरं एका खोलीत चार-पाच जण राहतात. बादलीत रॉड टाकून पाळीपाळीने आंघोळ करतात आणि रॉड चालू असतानाच बोट बुडवून पाणी तापलं का ते बघतात. त्यांचे घरमालक कोण आहेत? काही आपल्याच मोहल्ल्यातले आहेत, जुम्याला आपल्याच सफमध्ये उभे राहणारे. दर महिन्याला भाडं घेणाऱ्याने वर्षातून एकदा वायरमन बोलवावा, हे त्यांना सांगायला आपल्याला संकोच वाटता कामा नये. भाडेकरूचा जीव ही मालकाकडची अमानत आहे.

दुसरीकडे, ही कामं करणारे वायरमन, प्लंबरही पुष्कळदा आपलेच भाऊ आहेत. त्यांना आपण मजुरीत घासाघीस करून घाईत काम उरकायला लावतो आणि मग तेच दोषी ठरतात. अर्थिंग तपासण्याचे वेगळे पैसे मागणारा वायरमन लुबाडत नाही, तो त्याचं काम नीट करतो आहे.

म्हणून या हिवाळ्याआधी आपण एवढंच करू. आपापल्या गावात परवानाधारक वायरमनला सोबत घेऊन चार-पाच जणांनी एक रविवार काढायचा. आधी मशिदीचा वुजूखाना, मग मदरशाचं वसतिगृह, मग भाड्याच्या खोल्या. अर्थिंग आहे का, आरसीसीबी आहे का, गॅस गिझर आत आहे की बाहेर, हे तीनच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं वहीत लिहायची. जिथे खोट निघेल तिथला खर्च मालक करेल, नाही तर जमात करेल. गरीब घर असेल तर वर्गणी काढू.

आमच्या घरी त्या दिवशी नवी अर्थिंग झाली आणि आरसीसीबी बसला. तोवर अम्मी दोन दिवस चुलीवर पाणी तापवत होती. तिने एकदाच विचारलं, "इतने साल क्यों नहीं देखा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.