दारात आलेल्या बहिणीला तपासल्याशिवाय परत पाठवू नका

रेल्वे व टपाल कामगार बंधू-भगिनींनो,

दुखणे अंगावर काढायचे, ही आपल्या घरातल्या बायकांची जुनी सवय. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात ती जिवावर बेतते. 2022 साली या रोगाने भारतात सुमारे 80 हजार स्त्रिया दगावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा अंदाज आहे.

वास्तविक हा रोग आधी ओळखता येतो. पेशी बिघडू लागल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. या काळात दुखत नाही, खुपत नाही. पण पॅप तपासणीत बिघाड सापडू शकतो. गर्भाशयाच्या मुखावरील पेशी अलगद घ्यायच्या, काचपट्टीवर पसरायच्या व सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. भूल नाही, टाका नाही.

जयपूरचे उदाहरण घ्या. तेथे उत्तर पश्चिम रेल्वेचे मुख्यालय व केंद्रीय रुग्णालय आहे. जनाना रुग्णालय व महिला चिकित्सालय ही सरकारी रुग्णालयेही आहेत. अशा ठिकाणी बाह्यरुग्ण विभागात बायका येतातच. कोणी पाळीच्या तक्रारीसाठी, कोणी नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला. असे असूनही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 30 ते 49 वयाच्या शंभरातल्या दोन स्त्रियांचीसुद्धा ही तपासणी झालेली आढळली नाही!

मात्र काचपट्टी घेतली की काम संपले, असे नव्हे. आपल्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात 1999 पासून सव्वा लाखावर स्त्रियांचा अभ्यास झाला. 2009 साली निष्कर्ष आले. एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच केली, तरी या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. एकदाच केलेल्या पॅप तपासणीने तशी ठोस घट दिसली नाही. पॅप तपासणी ठरावीक वर्षांनी पुन्हा करावी लागते, आणि अहवाल कपाटात पडून राहिला तर ती व्यर्थच.

म्हणून प्रशासनाकडे आमची मागणी स्पष्ट आहे. रेल्वे रुग्णालयात व टपाल कुटुंबे जातात त्या केंद्रीय आरोग्य योजनेच्या दवाखान्यात आलेल्या, तिशी ओलांडलेल्या प्रत्येक विवाहित स्त्रीला तपासणीबद्दल विचारा. आडोसा व स्त्री कर्मचारी द्या. अहवाल तिच्या हाती द्या. दोष आढळल्यास पुढील उपचार विनाविलंब करा. एचपीव्ही चाचणीही सुरू करा.

बंधूंनो, महागाई भत्त्यासाठी आपण द्वारसभा घेतो. पुढच्या द्वारसभेत हा विषयही घ्या. आणि घरी गेल्यावर संकोच सोडून विचारा, तुमची तपासणी झाली का?