‘नॉर्मल’ म्हणजे काय?

मांडी घालून फार वेळ बसलात की पायाला मुंग्या येतात. मज्जातंतू दाबला जातो, दाब सुटला की तो काही वेळ वेडेवाकडे संदेश पाठवतो, आणि दोन मिनिटांत सारे पूर्ववत होते. म्हणून मुंग्या ही आपण हसण्यावारी नेतो. पण त्या गेल्याच नाहीत तर? माझ्या गेलेल्या नाहीत. त्याला आता सहा वर्षे होतील.

भाईंदरच्या आमच्या घरात एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर पायाखालची फरशी ओली लागली. दिवा लावून पाहिले, तर फरशी ठणठणीत कोरडी! पुढे तळव्यांत टाचण्या टोचू लागल्या आणि हाताच्या बोटांवर कुणी पातळ हातमोजे चढवल्यासारखे वाटू लागले. रक्त तपासले, साखर ठीक होती. मज्जातंतूंची विद्युत् तपासणीही झाली. एका डॉक्टरांनी कागद चाळून सांगितले, “सगळे नॉर्मल आहे. मनावर घेऊ नका.” शेजाऱ्यांचे मत मात्र निश्चित होते. कुणी म्हणाले वात, कुणी म्हणाले नस दबली, आणि एकाने चुंबकाचे कडे घालायला सांगितले.

खोटे कशाला सांगू, कडे मी विकत घेतले. मी पदार्थविज्ञान शिकवतो, तरीही घेतले. पायात टाचण्या टोचत असल्या की पदवी आठवत नाही. मग एक दिवस विचार केला. एम.आर.आय.च्या यंत्रात बहुधा १.५ टेस्ला इतके क्षेत्र असते. त्यात माणूस अर्धा तास पडून राहतो, तरी त्याचे रक्त चुंबकाकडे ओढले जात नाही, कारण रक्तातले लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे वागत नाही. मग मनगटावरचे कडे काय करणार? ते आता प्रयोगशाळेत टाचण्या गोळा करायच्या कामी येते.

माझी तक्रार मात्र कड्यापेक्षा ‘नॉर्मल’ या शब्दाबद्दल अधिक आहे. केसाची जाडी फूटपट्टीने मोजा. उत्तर शून्य येईल. म्हणून केसाला जाडीच नाही असे तुम्ही वहीत लिहिलेत तर मी गुण कापीन. पट्टीचे लघुतम माप एक मिलिमीटर आणि केस त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास, इतकाच त्या शून्याचा अर्थ. माणसाच्या तक्रारीसमोर आपण हा साधा नियम का विसरतो?

माझा उलगडा, निदान अर्धा, दुसऱ्या एका डॉक्टरांनी केला. आणि तोही नादकाट्याने! तुमच्या शाळेत ध्वनीच्या प्रयोगाला असतो तसाच, १२८ हर्ट्झचा. त्यांनी तो वाजवून माझ्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. कंपने मला शेवटपर्यंत कळली. मग न वाजवता त्याचा थंड दांडा पायाला लावला. गुडघ्यावर गार लागला, घोट्यापाशी कोमट, अंगठ्यावर काहीच नाही.

असे का व्हावे? मज्जातंतूत जाड आणि बारीक असे धागे असतात. कंपन आणि स्पर्श जाड धाग्यांतून जातात, सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने, म्हणजे आपल्या विरार फास्टलाही मागे टाकून. वेदना आणि उष्णता सांगणारे बहुतेक धागे बारीक. त्यांचा वेग सेकंदाला एखादा मीटर, म्हणजे गर्दीत रेल्वेचा पूल चढणाऱ्या माणसाइतका. ठेच लागल्यावर आधी धक्का आणि मग मागून कळ येते, ती यामुळेच. हा वेग मोजता येतो हे हेल्महोल्ट्झने १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूवर दाखवले. आजची विद्युत् तपासणी त्याच जातीची आहे. पण तिला जाड धाग्यांचेच संदेश टिपता येतात. बारीक धाग्यांचे संदेश इतके क्षीण असतात की ते तिच्या नोंदीत उमटत नाहीत. माझा रिपोर्ट खोटा नव्हता. तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर होता.

सुरुवात पायांतच का, हेही समजण्यासारखे आहे. पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या धाग्याची पेशी पाठीच्या कण्यापाशी असते. सूक्ष्मदर्शकातून पाहावी लागेल एवढी पेशी एक मीटर लांबीचा धागा पोसते. कुठे काही कमी पडले की सर्वांत दूरचे टोक आधी उपाशी राहते.

पण काय कमी पडले? माझ्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. (त्याच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा एक अणू असतो. ही रचना डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साह्याने उलगडली. त्यांना १९६४ चे नोबेल मिळाले.) हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसते, दूध, अंडी, मासे, मांस यांत असते. आमचे घर शाकाहारी. म्हणजे कारण सापडले, नाही का?

थांबा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील खेडी, झोपडपट्ट्या आणि शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ मध्यमवयीन, निरोगी पुरुष तपासले होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के! जी गोष्ट निरोगी माणसांतही दर तिघांपैकी दोघांत आढळते, ती माझ्यात आढळली म्हणून तीच गुन्हेगार ठरते काय? ठरेलही. पण नुसत्या आढळण्यावरून नव्हे. डॉक्टरांनी इंजेक्शने दिली, ते योग्यच होते, कारण ब-१२च्या अभावाने मज्जातंतूंची कायमची हानी होऊ शकते. हातांवरचे मोजे उतरले. पाय तसेच राहिले. हात इंजेक्शनांनी सुधारले की आपोआप, हे एका माणसावरच्या एका प्रयोगातून मी कसे सांगू? मज्जातंतूंच्या पुष्कळ रुग्णांत सगळ्या तपासण्यांनंतरही कारण हाती लागत नाही. त्या रांगेत मीही उभा आहे. ‘कारण माहीत नाही’ असे त्या दुसऱ्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले, आणि नवल म्हणजे त्या उत्तराने मला बरे वाटले.

हे सारे तुम्हांला सांगण्याचे कारण उत्तनला घडले. मे महिन्यात दुपारी आम्ही किनाऱ्यावर गेलो होतो. बांबूंवर बोंबील वाळत होते. वाळू तापली होती. मुले चटके बसून सावलीकडे पळाली. मी अनवाणी, ऐटीत चालत गेलो. संध्याकाळी मोजे काढले तेव्हा तळव्यावर रुपयाएवढे दोन फोड होते. तेव्हापासून अंघोळीचे पाणी मी कोपराने पाहतो आणि रोज रात्री आरशात तळवे तपासतो.

तेव्हा आजी “पायात टाचण्या टोचतात” म्हणाली, तर तिला हसू नका. ती निरीक्षण सांगते आहे. तिची साखर तपासली आहे का, ते विचारा. मधुमेह हे याचे फार मोठे कारण आहे. तुमच्या स्वतःच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर स्पर्श कळत नसेल, तर तो लपवू नका. ती कुष्ठरोगाची खूण असू शकते. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि रोग बरा होतो. एका बाजूचे हातपाय अचानक बधिर झाले, तर मात्र विचार करत न बसता त्या क्षणी रुग्णालय गाठायचे.

मी आता वही ठेवतो. तारीख, वेळ, कुठे, किती वेळ. माझी आई म्हणते, अमावास्येला तुझे पाय जास्त दुखतात. तीन वर्षांच्या नोंदी तपासल्या. अमावास्येच्या आणि इतर रात्रींत काही फरक दिसला नाही. आईला वही दाखवली. तिने चष्मा लावून पाने उलटली आणि म्हणाली, “तू लिहायला विसरला असशील.”