पुतळा ८५ मीटरचा, कापसाला भाव किती?



१९६७ साली बीडने क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट म्हणून लोकसभेत पाठवले. त्याच साली ऑक्टोबरात, पूर्वीच्या स्टालिनग्राडच्या टेकडीवर, तलवार उगारलेल्या मातृभूमीचा ८५ मीटरचा पुतळा उभा राहिला. हिटलरची फौज तिथे मोडली. अण्णा भाऊंनी त्या लढाईचा पोवाडा रचला. त्या मेलेल्यांपुढे आम्हीही मान झुकवतो. पण ते जवान होते कोण? बहुतेक शेतकऱ्यांचीच पोरं. त्याआधी दहा वर्षे, १९३२-३३ मध्ये, सरकारने खेड्यांतले धान्य ओढून नेले आणि युक्रेन-कझाकस्तानात लाखो माणसे उपाशी मेली. (ज्वारीची लेव्ही आमच्याही बापांनी भरली आहे.) त्यांचा पुतळा त्या टेकडीवर नाही.

क्रांतीवाले मित्र म्हणतात, रशिया मागासलेला म्हणून बिघडले. खरी क्रांती श्रीमंत देशातला कामगार करील. १९६८ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये कोटभर कामगार संपावर गेले. पगार वाढला, ते कामावर परतले, आणि जूनच्या निवडणुकीत द गॉलचाच पक्ष दणक्यात निवडून आला. भरल्या ताटावरून कोण उठतो?

कापसाचा जागतिक भाव पाडला तो अमेरिकेच्या सबसिडीने. तो वाद तिथल्या क्रांतीने नाही, ब्राझीलच्या तक्रारीने पेटला. २००२ मध्ये ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत गेला, जिंकला, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊनच मिटवले. आमच्या दिल्लीने काय केले? मार्च २०१२ मध्ये आमच्याच कापसाची निर्यात बंद केली.