मोटारीतले पिस्तूल आणि अठराचे वय

अमेरिकेतील टेक्सास राज्यात वीस वर्षांच्या तरुणाने दुकानातून बिअरची बाटली विकत घेतली तर तो गुन्हा ठरतो. सिगारेटचे पाकीटही दुकानदार त्याला देऊ शकत नाही, कारण २०१९ च्या अखेरीपासून तंबाखूसाठी त्या देशात सर्वत्र एकवीस वर्षांची अट आहे. मात्र हाच तरुण भरलेले पिस्तूल मोटारीत ठेवून, कोणताही परवाना न घेता, राज्यभर फिरू शकतो. कायद्याने शस्त्र बाळगण्यास तो अपात्र ठरलेला नसला म्हणजे झाले. बिअर पिण्याइतकी समज ज्याला आलेली नाही असे कायदा मानतो, त्याला माणसाचा प्राण घेण्याचे साधन जवळ बाळगण्याइतकी समज आली आहे, असेही तोच कायदा मानतो. ही विसंगती आपोआप निर्माण झालेली नाही. ती पायरीपायरीने रचली गेली आहे.

वयाची गोष्ट प्रथम पाहावी. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर १९६८ मध्ये जो केंद्रीय कायदा झाला, त्याने परवानाधारक दुकानदाराला एकवीस वर्षांखालील व्यक्तीस पिस्तूल विकण्यास मनाई केली. रायफलीसाठी मात्र अठरा वर्षे पुरेशी मानली. शिवाय बंधन दुकानदारावर होते. खाजगी विक्रेत्याकडून अठरा वर्षांच्या मुलाने पिस्तूल घेण्यास केंद्रीय कायद्याची आडकाठी नव्हती. पुढचा दरवाजा बंद करून मागचा उघडा ठेवण्याचा हा प्रकार होता.

मोटारीची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. टेक्सासने १८७१ मध्येच पिस्तूल जवळ बाळगण्यावर कडक बंधन घातले होते. त्याला एक अपवाद होता तो प्रवाशाचा. निर्मनुष्य मुलखातून घोड्यावरून जाणाऱ्या वाटसरूसाठी केलेली ती सवलत होती. प्रवासी कोणास म्हणावे, यावर पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ न्यायालयांत काथ्याकूट चालला. १९९५ मध्ये परवाना घेऊन पिस्तूल लपवून बाळगण्याची मुभा मिळाली. २००५ मध्ये मोटारीत बसलेला माणूस प्रवासीच आहे असे गृहीत धरण्याचे ठरले, आणि २००७ मध्ये मोटारीपुरती परवान्याची अटच गेली. २०२१ मध्ये एकवीस वर्षांवरील नागरिकाला पायी फिरतानाही परवाना अनावश्यक झाला. अपवादाचा नियम झाला आणि नियम इतिहासजमा झाला. २०२४ च्या अखेरीस २९ राज्यांनी पायी चालणाऱ्याची परवान्याची अट काढून टाकलेली होती.

आता २०२२ या एका वर्षाचा क्रम ध्यानात घ्यावा. २४ मे रोजी उवाल्डी गावातील प्राथमिक शाळेत अठरा वर्षांच्या तरुणाने १९ मुले आणि दोन शिक्षिका यांचे प्राण घेतले. वाढदिवस उलटताच त्याने दोन रायफली कायदेशीरपणे विकत घेतल्या होत्या. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा दंडक घातला की शस्त्रनियमन देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसले पाहिजे. त्या दंडकाचा आधार घेऊन ऑगस्टमध्ये टेक्सासमधील केंद्रीय न्यायाधीशाने अठरा ते वीस वयाच्या तरुणांवरील पिस्तूलबंदी रद्द ठरवली. राज्य सरकारने आधी अपील केले आणि डिसेंबरमध्ये, उवाल्डीच्या चिमुकल्यांना पुरून सात महिने होत असताना, ते मागे घेतले. काही रायफलींसाठी खरेदीचे वय वाढवणारे विधेयक मे २०२३ मध्ये मृत मुलांच्या आईबापांच्या आग्रहामुळे समितीत मंजूर झाले, पण सभागृहापुढे मताला आलेच नाही.

या उदारतेचा लाभ कोणाला होतो, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. पिस्तूल विकून मिळणारा नफा कारखानदाराच्या तिजोरीत जातो. त्या पिस्तुलाने झालेल्या जखमांचा, पोरक्या मुलांचा आणि इस्पितळाच्या बिलांचा खर्च समाजाच्या माथी बसतो. २००५ च्या केंद्रीय कायद्याने शस्त्र उत्पादकांना नुकसानभरपाईच्या बहुतेक दाव्यांपासून संरक्षण दिले. ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेल्या केंद्रीय आयोगाला खेळण्यातल्या पिस्तुलाकडे लक्ष देता येते, खऱ्याकडे नाही. नफा खाजगी आणि तोटा सार्वजनिक, हे भांडवलशाहीचे जुने गणित येथे जसे उघडेवाघडे दिसते तसे क्वचितच दिसते.

याच्या शेजारी मोटार ठेवून पाहावी. मोटारीला नोंदणी लागते, चालकाला परीक्षा द्यावी लागते, विमा उतरवावा लागतो. पट्टे आले, रस्ते सुधारले, मोटारी सुरक्षित बनवण्याची सक्ती कारखानदारांवर झाली आणि अपघाती मृत्यू दशकानुदशके घटले. त्याच मोटारीच्या कप्प्यातील पिस्तुलाला यांतले काही लागत नाही. परिणाम आकड्यांत दिसतो. २०२० मध्ये एक ते एकोणीस वयोगटातील अमेरिकन मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बंदुकीने मोटारीला मागे टाकून पहिला क्रमांक पटकावला. २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसे मेली, त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. बंदुकीने केलेल्या दर दहा आत्महत्येच्या प्रयत्नांतील सुमारे नऊ जिवावर बेततात. अठरा-वीसच्या वयातील निराशेचा झटका बहुधा ओसरतो. पिस्तूल हाताशी असले तर तो ओसरण्याइतका अवकाश उरत नाही. शिवाय उभ्या मोटारींतून होणारी चोरी हा चोरीच्या बंदुकांचा आता सर्वांत मोठा स्रोत बनला आहे. ज्याच्या संरक्षणासाठी म्हणून शस्त्र ठेवले, त्याच्याच गल्लीत ते दरोडेखोराच्या हातून परत येते.

अठराव्या वर्षी मत देता येते, सैन्यात जाता येते, मग पिस्तूल का नको, असा युक्तिवाद केला जातो. मत इतर लाखो मतांबरोबर मोजले जाते. गोळी एकटीच सुटते आणि तिची फेरमोजणी होत नाही. सैनिकाला शस्त्र शिक्षणानंतर आणि शिस्तीखाली मिळते, आणि काम संपले की ते शस्त्रागारात जमा करावे लागते. ज्यांना सैनिकाचा दाखला द्यावयाचा आहे, त्यांनी सैनिकाची शिस्तही मान्य करावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि समाजवाद्यांनी तो टाळता कामा नये. शस्त्रबंदीचे कायदे दुबळ्यांविरुद्धच वापरले जातात, असा तो आक्षेप आहे. १९६७ मध्ये ओकलंडचे ब्लॅक पँथर तरुण भरलेल्या बंदुका घेऊन मोटारीतून पोलिसांच्या गस्तीवर नजर ठेवू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियाने भरलेली बंदूक रस्त्यावर आणि वाहनात बाळगण्यास तातडीने मनाई केली. त्या कायद्यावर गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची सही आहे. याच रेगन यांना १९८० मध्ये नॅशनल रायफल असोसिएशनने अध्यक्षपदासाठी पाठिंबा दिला. २०१६ मध्ये मिनेसोटात पोलिसांनी एका कृष्णवर्णीय चालकाची मोटार अडवली. आपल्याजवळ पिस्तूल आहे हे त्याने स्वतःहून सांगितले. त्याच्याकडे परवाना होता. तरीही मोटारीतील लहान मुलीच्या समोर त्याला गोळ्या घालण्यात आल्या, आणि पुढे तो पोलीस निर्दोष सुटला. मोटारीत पिस्तूल बाळगण्याचा हक्क कागदावर सर्वांचा आहे. रस्त्यावर तो कातडीचा रंग पाहून मोजला जातो.

यावरून निष्कर्ष हाच निघतो की नियमनाचा भार रस्त्यावरील पोलिसाच्या मर्जीवर टाकू नये, तो कारखान्यावर आणि दुकानावर टाकावा. एकवीस वर्षांची अट दुकानदाराला आणि खाजगी विक्रेत्याला सारखीच लागू करावी. सोडून गेलेल्या मोटारीतील पिस्तूल कुलूपबंद ठेवण्याची सक्ती कॅलिफोर्नियाने २०१७ पासून केली आहे. ती सर्वत्र व्हावी. उत्पादकांचे कायदेशीर कवच काढून घ्यावे. वाट सोपी नाही. २०२५ मध्ये एका केंद्रीय अपील न्यायालयाने १९६८ ची एकवीस वर्षांची अट घटनाबाह्य ठरवली, तर दुसऱ्याने ती उचलून धरली.

ह्यूस्टन-डॅलसच्या रस्त्यांवर मराठी घरांतील मुलेही आहेत, म्हणून हा प्रश्न अगदीच परक्यांचा नाही. पण त्याचे महत्त्व तेवढ्यापुरते नाही. नफ्यावरील प्रत्येक बंधनाला स्वातंत्र्यावरील घाला म्हणण्याची चाल सर्व देशांत एकच आहे. पिस्तुलाच्या बाबतीत तिची किंमत मुलांच्या संख्येत मोजावी लागते, एवढाच फरक आहे. व्यापाऱ्याच्या स्वातंत्र्यापेक्षा शाळेतून सुखरूप घरी येण्याचे स्वातंत्र्य मोठे आहे, हे जो समाज कायद्यात लिहीत नाही, त्याने आपल्या राज्यघटनेची थोरवी इतरांना सांगू नये.